तिकीट हातात आहे, जाऊ का?

साथ सुरू झाल्यापासून आजारापेक्षा सामन्यांबद्दलचीच पत्रं जास्त येत आहेत. मला त्याचं नवल वाटत नाही. मैदानावरच्या वैद्यकीय कक्षात मी बरीच वर्षं काम केलं आहे. आपला संघ खेळताना प्रत्यक्ष पाहणं माणसांना किती मोलाचं वाटतं, ते तिथे रोज दिसायचं. म्हणून 'घरी बसा, टीव्हीवर बघा' एवढंच उत्तर मी कुणाला देणार नाही. या वेळी पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला पेच बऱ्याच घरांत असणार.

प्रश्न : मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा, दोघंही फुटबॉलवेडे. आमचा संघ यंदा पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला आहे. तिकिटं साथ सुरू होण्याआधीच काढली होती. सामना दुसऱ्या शहरात आहे, रात्रभराचा रेल्वेप्रवास आणि एक मुक्काम. सध्या श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूची साथ आहे, पण सामना ठरल्याप्रमाणे होणार असं आयोजकांनी कळवलं आहे. मैदान उघडं आहे, आम्ही दोघांनी लस घेतली आहे. पत्नीचा मात्र विरोध आहे. घरी माझे वडील असतात, वय बहात्तर, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं. ते म्हणतात, 'माझी काळजी करू नका, जाऊन या.' मुलगा काहीच बोलत नाही. काय करावं?

उत्तर : वडिलांचं प्रत्यारोपण तुमच्या पत्रात अगदी शेवटी आलं आहे. मी तिथूनच सुरुवात करते. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यामुळे तुम्हाला चार दिवस ताप-खोकला देऊन जाणारा विषाणू त्यांना थेट रुग्णालयात नेऊ शकतो. शिवाय अशा रुग्णांमध्ये लसीचा परिणामही पुष्कळदा कमी होतो. म्हणजे तुमच्या दोघांच्या लसीचा फायदा मुख्यतः तुम्हाला, धोका मुख्यतः त्यांना. हे मनात पक्कं झालं की पुढचा विचार सरळ होतो.

आता मैदान उघडं आहे या मुद्द्याकडे येते. तो खरा आहे. मोकळ्या हवेत श्वासातले कण लवकर विरतात आणि बंद खोलीच्या मानाने संसर्ग बराच कमी होतो. पण तुम्ही मैदानात असाल फार तर तीन तास, आणि घराबाहेर मात्र दोन दिवस. त्यात रेल्वेच्या डब्यातली रात्र आली, मुक्कामाची खोली आली, प्रवेशद्वारावरची तपासणीची रांग आली आणि मध्यंतरात स्वच्छतागृहाबाहेर होणारी गर्दी आली. आमचा वैद्यकीय कक्ष जिन्याखाली होता. सामना संपल्यावर त्या जिन्यावरून माणसं इतकी दाटीने उतरायची की वरच्या खुर्च्या किती अंतरावर मांडल्या आहेत याला काही अर्थच उरायचा नाही. संघ जिंकला असेल तर विचारूच नका. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत असायची, आणि ओरडताना तोंडातून साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात.

हा नुसता माझा तर्क नाही. 18 जून 2021 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो या युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत इंग्लंड-स्कॉटलंड सामना झाला. त्या महिनाअखेरीस स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने हिशेब मांडला. युरोशी संबंधित कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला गेलेले 1,991 कोविडबाधित सापडले होते. त्यांतले 1,294 जण त्या सामन्यासाठी लंडनला गेले होते, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष मैदानात होते फक्त 397. बाकीचे प्रवासात, मुक्कामी, एकत्र बसून सामना बघायच्या ठिकाणी होते. या आकड्यांवरून कोणाला नेमकी कुठे लागण झाली ते कळत नाही. पण नुसत्या खुर्चीचा विचार करून निर्णय घेणं किती अपुरं आहे, ते नक्की कळतं. तुमच्या बाबतीतही मला मैदानातल्या वेळेपेक्षा त्या रेल्वेच्या रात्रीची चिंता जास्त वाटते.

दुसरी गोष्ट, विषाणू आत्ता समाजात किती फिरतो आहे. 19 फेब्रुवारी 2020 ला इटलीत मिलानच्या सान सिरो मैदानात तिथला अटलांटा आणि स्पेनचा व्हॅलेन्सिया या फुटबॉल क्लबांचा सामना झाला. अटलांटाचं गाव बेर्गामो. तिथून आलेल्यांसह चाळीस हजारांवर प्रेक्षक होते. इटलीतला कोविडचा पहिला स्थानिक रुग्ण त्यानंतर दोनच दिवसांत उघडकीला आला. म्हणजे त्या संध्याकाळी कुणालाही कल्पना नसताना विषाणू आधीच त्या भागात पसरलेला होता. बेर्गामोवर पुढे काय ओढवलं ते जगाने पाहिलं, आणि त्यात या सामन्याचा वाटा असावा असं तिथल्या अनेक डॉक्टरांना वाटतं. याउलट 8 मार्च 2020 ला मेलबर्नमध्ये महिलांच्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला 86,174 प्रेक्षक होते. नंतर त्यांतला एक जण बाधित निघाला, आणि आरोग्य खात्याने त्याच्या विभागात बसलेल्यांना फक्त लक्षणांवर नजर ठेवायला सांगितलं. गर्दी मेलबर्नची मोठी होती, पण त्या वेळी तिथे विषाणूच फारसा पसरलेला नव्हता. तेव्हा प्रेक्षकसंख्येवर जाऊ नका. तुमच्या आणि सामन्याच्या शहरात रुग्णालयात भरती होणाऱ्यांची संख्या गेल्या दोन आठवड्यांत वाढते आहे की उतरते आहे, ते बघा. रोजच्या चाचण्यांच्या आकड्यांपेक्षा ही संख्या भरवशाची, कारण चाचण्या कमी केल्या की रुग्णही कमी दिसतात.

आता माझं मत स्पष्ट सांगते. परतल्यावर तुम्ही दोघं किंवा वडील, कुणीतरी आठ-दहा दिवस वेगळ्या घरात राहू शकत असाल, तर जा. वडील मुलीकडे किंवा भावाकडे जाऊ शकत असतील तर त्यांना तुम्ही निघण्याच्या दिवशीच पाठवा. तुमच्या परतीनंतर पाठवू नका. त्या घरातलंही कुणी अशा गर्दीत जाणार नाही ना, तेवढं आधी विचारा. ते जमणार नसेल आणि सगळ्यांना एकाच छपराखाली, एकाच स्वयंपाकघरात वावरायचं असेल, तर जाऊ नका. वेगळी खोली हा अर्धा उपाय आहे, पण प्रत्यारोपणाच्या रुग्णासाठी मी अर्ध्या उपायावर विसंबणार नाही. परत आल्यावर चाचणी करून घेऊ असं मनात असेल, तर लक्षात ठेवा, लागण झाल्यापासून पहिले काही दिवस झटपट चाचणी नकारात्मकच येऊ शकते आणि त्याच काळात माणूस दुसऱ्याला आजार देऊही शकतो.

गेलात तर प्रवासात आणि रांगांमध्ये चेहऱ्याला नीट घट्ट बसणारा एन-95 मास्क हवा. मैदानात घोषणा देतानाही तो राहिला तर उत्तम. गोल झाल्यावर तो हनुवटीवर येतो हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे, म्हणून मुलाशी आधीच बोलून ठेवा. आणि न जाण्याच्या अटी आजच कागदावर लिहा. दोघांपैकी एकाचाही घसा दुखला तर जायचं नाही, चाचणी काहीही आली तरी. भरतीचे आकडे सामन्याआधीच्या आठवड्यात चढते असले तर जायचं नाही. सामन्याच्या सकाळी, जर्सी अंगात असताना, कुणीही माणूस स्वतःचा घसा दुखतो आहे हे कबूल करत नाही. आमच्या कक्षात तापाने फणफणलेला एक तरुण आला होता. औषध द्या, पण बाहेर काढू नका म्हणून हात जोडत होता. त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, हा विचार मला पुढे कित्येक दिवस सुटला नाही.

राहता राहिले घरातले दोघं. वडिलांच्या 'जाऊन या'वर विसंबू नका. आपल्यामुळे नातवाचा आनंद जाऊ नये असं कुठल्याही आजोबांना वाटणारच. त्यांना त्यांच्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि हाच प्रश्न तुमच्या समोर विचारू द्या. लसीचा पुढचा डोस द्यायचा का, लागण झालीच तर पहिल्या दिवसापासून कोणतं औषध सुरू करता येईल, हेही तिथे कळेल. हे तुम्ही सामन्याला गेला नाहीत तरी करायलाच हवं. मुलगा गप्प आहे, कारण 'जाऊया' म्हटलं तर आजोबांना काही झाल्याचा दोष आपल्यावर येईल आणि 'नको' म्हटलं तर बाबा हिरमुसतील, असं त्याला वाटत असावं. चौदा वर्षांच्या मुलावर एवढं ओझं नको. निर्णय आई-बाबांचा आहे हे त्याला स्पष्ट सांगा, आणि मग त्याचं मत विचारा. पत्नीचा विरोध तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकला आहे. सासऱ्यांची औषधं रोज कोण देतं? त्या देत असतील, तर त्यांच्या मताला सगळ्यात जास्त वजन द्या.

प्रश्न : बॅडमिंटनच्या सामन्यांना मी दरवर्षी जाते. या वर्षी आमच्याकडे गोवरची साथ आहे. अगदी मागच्या, वरच्या रांगेत बसले तर चालेल ना?

उत्तर : गोवर असेल तर रांगेने फरक पडत नाही, तुमच्या लसीने पडतो. 1991 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये, म्हणजे छत असलेल्या स्टेडियममध्ये, स्पेशल ऑलिम्पिक्सचा, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धेचा, उद्घाटन सोहळा झाला. खाली मैदानावरच्या एका खेळाडूला गोवर होता. पुढे ज्यांना लागण झाली त्यांतले दोन प्रेक्षक वरच्या मजल्यावर, तीस मीटरहून जास्त अंतरावर, एकाच विभागात बसलेले होते. गोवरचा रुग्ण निघून गेला तरी त्याचा विषाणू बंद जागेतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून रुग्ण तो पसरवत असतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये तर शटल भरकटू नये म्हणून वाऱ्याचे झोत मुद्दाम कमी ठेवतात.

गोवरच्या लसीचे दोन डोस झाल्याची नोंद असेल तर निर्धास्त जा, दोन डोसांनी जवळजवळ 97 टक्के संरक्षण मिळतं. नोंद सापडत नसेल तर डॉक्टरांना विचारून लस घ्या. गर्भवती असाल तर मात्र ही लस घेता येत नाही. अशा वेळी आधीचं संरक्षण आहे याची खात्री नसेल, तर या वर्षी हॉलमध्ये जाऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळालाही सोबत नेऊ नका.

प्रश्न : धोका खरंच असता तर आयोजकांनी सामना रद्दच केला नसता का?

उत्तर : 11 मार्च 2020 हा एकच दिवस घ्या. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगचा एक खेळाडू बाधित निघाला आणि त्याच रात्री त्यांनी अख्खा हंगाम थांबवला. त्याच संध्याकाळी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा सामना भरलेल्या मैदानात झाला. त्यासाठी माद्रिदहून सुमारे तीन हजार पाठीराखे आले होते. त्यांच्या स्वतःच्या देशात तेव्हा लीगचे सामने प्रेक्षकांविना खेळवायचं ठरलेलं होतं! आयोजक सगळ्या गर्दीचा सरासरी विचार करतात, त्यांच्यापुढे करार असतात, प्रक्षेपण असतं. तुमच्या घरात दम्याचा रुग्ण आहे की तान्हं मूल, हे त्यांना माहीत नसतं. सामना रद्द झाला तर जायचा प्रश्नच मिटतो. रद्द झाला नाही तर तुमचा विचार तिथून सुरू होतो.

प्रश्न : उलट्या-जुलाबाची साथ आहे. भावाला कालपर्यंत त्रास होता, आज बरा आहे. उद्या आम्ही दोघं सामन्याला जाणार आहोत. सॅनिटायझर नेऊच.

उत्तर : भावाने जाऊ नये. अशा साथी पुष्कळदा नोरोव्हायरसच्या असतात आणि त्यात त्रास थांबल्यावरही किमान 48 तास माणसाने गर्दीपासून दूर राहायचं असतं. त्यानंतरही काही दिवस विषाणू विष्ठेवाटे बाहेर पडत राहतो. 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकच्या तोंडावर तिथल्या सुरक्षारक्षकांमध्ये हाच आजार शिरला, आणि बाराशे जणांना कामावरून बाजूला करून सैनिक आणावे लागले होते. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने हा विषाणू नीट मरत नाही. साबण-पाण्याने हात चोळून धुवावे लागतात, स्वच्छतागृहातून आल्यावर आणि काहीही खाण्याआधी. तुम्हाला स्वतःला उद्या सकाळपर्यंत मळमळ नसेल तर तुम्ही जा. भावाचं तिकीट एखाद्या मित्राला द्या, आणि निघण्याआधी घरातलं स्वच्छतागृह ब्लीचने धुऊन घ्या.