जिताड्याची हॅचरी टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

जिताड्याची, म्हणजे खाडीतल्या त्या माशाची हॅचरी (पिल्लं तयार करायचं केंद्र) टाकायचा तुझा आराखडा वाचला. रायगडात जिताड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, आणि पेण-अलिबागच्या खारपट्टीत घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळणं जुनंच आहे. घोडं अडतं ते बीजापाशी, म्हणजे पिल्लांपाशी. बरीचशी भिस्त खाडीत सापडतील त्या पिल्लांवरच असते.

पण तू सगळा भर मादीला अंडी सोडायला लावणाऱ्या इंजेक्शनवर दिलायस. ते त्यातल्या त्यात सोपं. चेन्नईच्या 'सिबा' या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच जिताड्याचं बीज तयार केलं. बारीक नळीनं मादीची अंडी काढून बघायची, व्यास ०.४५ मिमीच्या वर असला तर संप्रेरकाचं (हार्मोनचं) इंजेक्शन द्यायचं. तीसेक तासांनी ती अंडी सोडते. फक्त सगळे मासे एकाच वयाचे आणू नकोस. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. दोन-अडीच किलोचेच आणलेस तर टाकीभर नर पोसत बसशील.

खरी परीक्षा अंडी फुटल्यावर. दोन-तीन दिवसांत पिल्लाची अंगची शिदोरी संपते आणि इवलंसं तोंड उघडतं. त्या तोंडात मावतो तो रोटिफर, पाण्यातला एक सूक्ष्म जीव. रोटिफरला खायला हवं पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ. म्हणजे अंडी यायच्या कितीतरी आधी शेवाळाच्या टाक्या भरलेल्या हव्यात. ऐन वेळी शेवाळ मेलं, की लाखभर पिल्लं उपाशी मरतात आणि दोष बिचाऱ्या मादीला लागतो! म्हणून प्रजनक मासे घेण्याआधी दोन महिने टाकीत रोटिफरची पैदास खंड न पडता चालवून दाखव. तेवढं जमलं तर पुढचं बोलू.

आठ-दहा दिवसांनी खायला आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) सुरू होतो, आणि थोड्याच दिवसांत मारामारीही. मोठं पिल्लू आपल्या अर्ध्याहून लांब भावंडाला गिळतं. कधी शेपूट तोंडाबाहेर लोंबत असते आणि घशात अडकून दोघंही मेलेली. दर तीन-चार दिवसांनी आकारानुसार पिल्लं वेगळी करावीच लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण गड्यावर सोपवून घरी जाऊ नकोस.

आणि ती खाडीकाठची जागा. जानेवारीत पाणी चाखून खूश झालास, पण जिताड्याचा विणीचा हंगाम पावसाळ्यातच येतो आणि तेव्हा खाडीचं पाणी गोडं होतं. क्षारता हजारी तिसाच्या आसपास (लिटरला साधारण तीस ग्रॅम क्षार) नसली तर अंडी तरंगत नाहीत, तळाशी बसतात. जुलैत भरती-ओहोटी दोन्हींची क्षारता मोजून आकडे मला पाठव. तोवर विसार देऊ नकोस.