कूपन शोधावे कुठे?

प्रश्न : घरचा किराणा मी सुपरमार्केटच्या ॲपवरून मागवते. इंटरनेटवर सापडलेले कूपन कोड बहुतेक वेळा चालतच नाहीत. खरी कूपने मिळतात तरी कुठे?

उत्तर : शोधाची सुरुवात दुकानाच्या स्वतःच्या ॲपपासून आणि सभासद योजनेपासून करावी, कारण तेथील कूपने थेट आपल्या खात्यात जमा होतात आणि त्यांची मुदतही स्पष्ट दिसते. त्यानंतर उत्पादक कंपन्यांची संकेतस्थळे आणि आपल्या बँक कार्डावरील सवलती पाहाव्यात. कूपने गोळा करून दाखवणाऱ्या संकेतस्थळांना आपण तेथून खरेदी केल्यास बहुधा दलाली मिळते. त्यामुळे मुदत संपलेले कोडही तेथे खुशाल झळकत राहतात.

कोड चालला, तरी अटी बारकाईने वाचाव्यात. ‘१००० च्या खरेदीवर २० टक्के सूट, कमाल १००’ असे लिहिलेले असेल, तर प्रत्यक्षात १० टक्केच सूट मिळते, आणि ८०० चेच सामान हवे असताना केवळ कोड लागू व्हावा म्हणून टोपली हजारापर्यंत भरली, तर ९०० मोजावे लागतात, म्हणजे शंभर उलट खिशातूनच जातात. (दुकानदाराला नेमके हेच हवे असते!) सूट वजा करून, घरपोच शुल्क मिळवून, दर किलोचा किंवा लिटरचा भाव काढावा, मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही.

कूपनासाठी कोणी कार्डाचा तपशील किंवा ओटीपी मागितल्यास ते पान तत्काळ बंद करावे.