लेखनापायी मुलांकडे दुर्लक्ष झाले, याचा लेखिकांना पश्चात्ताप होतो का?

होतो; मात्र आपण प्रश्नात धरली आहे ती वेळेची खंत माझ्या बाबतीत दुसऱ्या क्रमांकावर येते. मी दापोली तालुक्यात आंजर्ल्याला राहते, तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि मला एक मुलगी आहे. हे उत्तर तिला आधी वाचून दाखवले आहे. असे मी पूर्वी कधीच केले नव्हते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि सारे गाव घरात असते, तेव्हाही मी पडवीत दार लोटून लिहीत बसे. मुलगी सात वर्षांची असताना एका रात्री तापाने फणफणली आणि माजघरातून मला हाका मारत राहिली. "एवढे प्रकरण संपवून येते," असे म्हणत मी उठले ती पहाटे. तोवर सासूबाईंनी कपाळावर घड्या ठेवून रात्र काढली होती.

पुढे हीच रात्र मी दुसऱ्या कादंबरीत घेतली, आणि त्यातली आई पहिल्या हाकेला धावत जाते. वाचकांची सर्वाधिक पत्रे त्याच प्रकरणासाठी आली. मुलीने ते एकोणिसाव्या वर्षी वाचले आणि एवढेच म्हणाली, "आई, तू आली नव्हतीस."

न आलेली आई लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. ते झाले असते तर कादंबरी अधिक खरी उतरली असती, आणि निदान कागदावर तरी मुलीची हाक कोणी खोटी पाडली नसती.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात आमच्या आगरातल्या जुन्या पोफळी मोडून आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. वीज गेली, फोन बंद पडले. चौथ्या दिवशी मुलगी चिपळूणहून, शेवटचा टप्पा पडलेल्या झाडांवरून चालत, तांदूळ आणि मेणबत्त्या घेऊन दारात आली. ती भिजलेली उभी होती आणि माझ्या मनात वाक्ये जुळू लागली होती. तिने ते ओळखले, मान वळवली आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

हा प्रसंग नव्या कादंबरीत घेऊ का, असे मी तिला यंदा विचारले. "उत्तरात सांग, पण कादंबरीत आत्ता नको," असे ती म्हणाली. वहीतली ती पाने मी कोरी सोडली आहेत.