जर्मनीत बायोलॉजीत एमएस्सी करायचंय? आधी लॅब शोध

तू विचारलंस की मायक्रोबायोलॉजीत बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे, सीजीपीए आठच्या आसपास आहे, तर जर्मनीत मास्टर्सला तीन वर्षांची डिग्री चालते का, पैसे किती लागतात आणि पुढे नोकरीचं काय. मी इथेच बायोलॉजीत एमएस्सी केलं आणि आता एका रिसर्च इन्स्टिट्यूटमधे काम करते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, मोठं झालं तरी सगळं वाच.

आधी डिग्रीचं. इथलं बीएस्सी बायोलॉजी पण बहुतेक ठिकाणी तीनच वर्षांचं असतं, 180 क्रेडिट्सचं, आणि त्यावर मास्टर्स 120 चं, एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम आणि त्यात लेक्चर, प्रॅक्टिकल, घरी बसून केलेला अभ्यास सगळं धरतात. म्हणजे तीन वर्षं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक युनिव्हर्सिटी आपल्या तीन वर्षांना पूर्ण 180 मानेलच असं नाही, म्हणून कोर्सच्या पानावर लिहिलेलं नीट वाच आणि शंका असली तर सरळ कोऑर्डिनेटरला मेल टाक, बहुतेक जण उत्तर देतात. मार्कांचं गणित इथे उलटं, 1.0 सगळ्यात चांगला आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. तुझा सीजीपीए 8, जास्तीत जास्त 10 आणि पास व्हायला 4 लागत असेल तर 10 मधून 8 वजा कर, त्याला 10 वजा 4 म्हणजे 6 ने भाग, तीनने गुण आणि एक मिळव, 2.0 येतात. बरेच कोर्स 2.5 पर्यंत घेतात, म्हणजे तू आत आहेस.

पण खरी चाळणी मार्कांची नसतेच, आणि हे मला तुला अगदी कळकळीने सांगायचंय. बायोलॉजीच्या कोर्सला ॲडमिशन देताना कमिटी तुझी मार्कशीट घेऊन विषयवार बघते, की केमिस्ट्री किती केली, गणित आणि स्टॅटिस्टिक्स आहे का, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किती, आणि लॅबमधे उभं राहून किती तास काम केलंय. आपल्याकडची मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, झूऑलॉजी ही वेगवेगळी बीएस्सी इथल्या एका सलग बायोलॉजीच्या डिग्रीशी थेट जुळत नाहीत, त्यामुळे चांगले मार्क असूनही केमिस्ट्री कमी पडली किंवा प्रॅक्टिकलचे तास कागदावर दिसलेच नाहीत म्हणून नकार येतो. म्हणून कॉलेजकडून सविस्तर सिलॅबस घे, त्यात प्रत्येक पेपरचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास वेगळे दिसले पाहिजेत, शिक्का सही सकट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल तर तो पण लिहून घे, काय प्रयोग केले, कुठल्या पद्धती वापरल्या, पीसीआर, जेल, कल्चर, क्लोनिंग जे काही स्वतःच्या हाताने केलंय ते. फक्त बघितलेलं लिहू नकोस, इंटरव्ह्यूत लगेच कळतं.

आता कुठे जायचं. लोक रँकिंग उघडून बसतात आणि कोर्सचं नाव भारी वाटलं की अप्लाय करतात, मॉलिक्युलर अमुक, ट्रान्सलेशनल तमुक. माझं ठाम मत आहे की नावाला काहीही अर्थ नाही, तू आधी ठरव की तुला कुठल्या प्रश्नावर काम करायचंय, बॅक्टेरिया, वनस्पती, कॅन्सर, न्यूरो जे असेल ते, मग त्या प्रश्नावर काम करणाऱ्या लॅब शोध आणि त्या लॅब ज्या गावात आहेत तिथला कोर्स बघ. कारण इथलं मास्टर्स अर्ध्याहून जास्त लॅबमधेच होतं. हायडेलबर्गला जर्मन कॅन्सर रिसर्च सेंटर आणि ईएमबीएल, म्हणजे युरोपची मॉलिक्युलर बायोलॉजीची लॅब, दोन्ही आहेत, कॅन्सरला कारणीभूत होणारे पॅपिलोमा व्हायरस शोधल्याबद्दल 2008 चं नोबेल मिळालेले हाराल्ड त्सूर हाउझेन त्याच कॅन्सर सेंटरचे. ट्युबिंगनला मॅक्स प्लांक या जर्मन रिसर्च संस्थेचं इन्स्टिट्यूट आहे, माशीच्या भ्रूणाच्या वाढीवर 1995 चं नोबेल मिळालेल्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड तिथल्या, आणि फ्रीड्रिश मीशरने 1869 मधे पुवातल्या पेशींमधून ज्याला आज आपण डीएनए म्हणतो ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते पण याच गावातल्या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात, ती जागा मी बघून आलेय आणि बायोलॉजीवाल्याने एकदा तरी बघावीच. वनस्पतींसाठी कोलोनचं मॅक्स प्लांक, प्राचीन डीएनए आणि उत्क्रांतीसाठी लाइपझिग. ग्योटिंगनच्या मॉलिक्युलर बायोलॉजी आणि न्यूरोसायन्सच्या प्रोग्रॅममधे मास्टर्सचं एक वर्ष करून थेट पीएचडीत जायची सोय आहे, स्पर्धा जबरदस्त आहे पण तुझी तयारी असेल तर टाकच अर्ज. आणि एक गोष्ट प्रत्येक कोर्सला विचार, की थिसिस बाहेरच्या इन्स्टिट्यूटमधे करू देतात का, यावर खूप काही अवलंबून असतं.

पैशाचं. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं काँट्रिब्यूशन भरायचं. पण बाडेन व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग, उल्म वगैरे, 2017 पासून युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो आहेत, चार सेमिस्टरचे 6000, आणि टेक्निकल युनिव्हर्सिटी म्युनिकने 2024 च्या विंटर सेमिस्टरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4000 किंवा 6000 युरो लावलेत. माझ्या मते तुझी हवी ती लॅब हायडेलबर्गला असेल तर 6000 वाचवायला दुसरीकडे जाऊ नकोस, जमत असेल तर. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे दर महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 हातात येतात, म्युनिकसारख्या महाग शहरात तेवढ्यात भागवताना ओढाताण होते. शिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्री आणि मार्कशीट खरी असल्याची तपासणी केल्याचं, ते 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्याला सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये, आणि युनि-असिस्टमधून, म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिटींचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेतून, अर्ज केलास तर पहिल्याला 75 युरो आणि पुढच्या प्रत्येकाला 30. एपीएस मात्र शेवटच्या घटकेपर्यंत ठेवू नकोस, बरेच कोर्स अर्जातच मागतात.

पार्ट टाइमवर खर्च काढू असं घरी सांगून येऊ नकोस प्लीज. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं पण बायोलॉजीच्या मुलाला वेळ कुठून मिळणार, लॅब रोटेशन म्हणजे एखाद्या लॅबमधे काम शिकायला सहा आठ आठवडे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पेशींना शनिवार रविवार कळत नाही, त्यांना खायला घालायला जावंच लागतं, आणि शेवटी त्याचा रिपोर्ट लिहायचा, पेपरसारखा, आकृत्या आणि स्टॅटिस्टिक्ससकट. त्यापेक्षा लॅबमधेच स्टुडंट असिस्टंटची जागा बघ, ज्याला इथे हिवी म्हणतात, ते तास त्या 140 दिवसांत मोजत नाहीत आणि कामही शिकता येतं.

अभ्यास कसा असतो तर पहिली दोन सेमिस्टर लेक्चर, सेमिनार आणि ब्लॉक प्रॅक्टिकल, तिसऱ्यात रोटेशन, चौथं पूर्ण थिसिस, 30 क्रेडिट्स म्हणजे 750 ते 900 तास. सेमिनारमधे एखादा पेपर देतात आणि तो फाडून दाखवायचा असतो, म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठीचा प्रयोग, कुठे नाही, निष्कर्ष डेटातून निघतो का, आणि प्रोफेसरला समोरासमोर तुमचं पटत नाही म्हटलं तर ते खूश होतात, आपल्याला याची सवय नसते पण लागते. बऱ्याच ठिकाणी एका परीक्षेला तीनच संधी असतात, तिन्ही गेल्या तर नाव कापलं जातं आणि तोच कोर्स देशात दुसरीकडेही घेता येत नाही, मग व्हिसाचाही प्रश्न, म्हणून तयारी नसेल तर परीक्षेची नोंदणी वेळेत मागे घ्यायची हे लक्षात ठेव.

नोकरीबद्दल खरं सांगते, एजंट सांगणार नाहीत. इथे लॅबमधल्या टेक्निशियनच्या जागा बहुतेक खास तीच ट्रेनिंग केलेल्यांना जातात, आणि सायंटिस्टच्या जागांना पीएचडी मागतात, एमएस्सी झालेला माणूस मधे अडकतो. मग रस्ते दोनच उरतात, पीएचडी करायची, ती इथे पगारी असते, बायोलॉजीत बहुधा 65 टक्के काँट्रॅक्ट, म्हणजे पूर्णवेळ पगाराच्या 65 टक्के, मिळतं, किंवा क्वालिटी कंट्रोल, क्लिनिकल ट्रायल्स, रेग्युलेटरी, उपकरणांच्या कंपन्या अशा बाजूला जायचं. दुसऱ्या रस्त्याला जर्मन हवंच, बी टू पातळीचं तरी (पातळ्या ए वन, ए टू, बी वन, बी टू अशा चढत जातात). कोर्स इंग्लिशमधे आहे म्हणून लोक दोन वर्षं जर्मनला हात लावत नाहीत आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला मिळणारे 18 महिने भाषा शिकण्यातच जातात. तू आजपासून सुरू कर, विमानात बसेपर्यंत ए टू झालं तरी पुढचं इथे होतं.

आत्ता करायचं ते एवढंच: स्टॅटिस्टिक्स आणि आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिक, कारण डेटा ॲनालिसिस येणारा विद्यार्थी कुठल्याही लॅबला हवा असतो, प्रोजेक्टच्या गाइडला रेफरन्स लेटरचं आधीच सांगून ठेव, आणि विंटर सेमिस्टरला यायचं तर अर्जाच्या तारखा आत्ताच बघ, परदेशी मुलांसाठी त्या खूप आधी असतात, काही ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीलाच. तुला आवडलेल्या चार पाच लॅबची नावं आणि सिलॅबसमधले प्रॅक्टिकलचे तास मोजून मला पाठव, कुठले कोर्स तुला बसतात ते मी बघून सांगते.