सर्व्हरवर नेमका कोणता जावा चालतो?

प्रश्न : उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘व्हिच जावा’ या आज्ञेला ‘/यूएसआर/बिन/जावा’ असे उत्तर येते. तोच मार्ग ‘जावा_होम’मध्ये (जावा कोठे बसवला आहे ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) भरला, तरी मेव्हन (जावा प्रोग्रॅम तयार करण्याचे साधन) तो चुकीचा ठरवतो. असे का? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

‘व्हिच’ ही आज्ञा ‘पाथ’मध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, प्रथम सापडलेले नाव तेवढे सांगते, आणि उबुंटूवर ते नाव म्हणजे केवळ एक सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असते, जी ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज/जावा’मार्गे ‘/यूएसआर/लिब/जेव्हीएम’मधील खऱ्या फाइलपर्यंत पोहोचते. ‘रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/जावा’ ही आज्ञा दिल्यास अखेरचा मार्ग मिळेल. त्यातील शेवटचे ‘/बिन/जावा’ वगळल्यावर उरते ते जावा_होम. जावा 8 असल्यास मध्ये ‘जेआरई’ नावाचे फोल्डरही दिसू शकते, तेव्हा तेही वगळावे. 2017 मध्ये आलेल्या जावा 9 पासून ते राहिलेले नाही. मेव्हनला कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोग्या रूपात बदलणारा प्रोग्रॅम) लागतो, म्हणून या जावा_होममधील ‘बिन’मध्ये ‘जावासी’ हा कंपायलर आहे ना, हेही पाहावे. नसेल तर तुमच्याकडे फक्त जेआरई (जावा चालवण्यापुरता संच) आहे आणि जेडीके (कंपायलरसह पूर्ण संच) बसवावे लागेल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर जावा 8 आणि 17 दोन्ही आहेत. पावसाळ्यात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की हिशेबाची प्रणाली ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ दाखवून बंद पडते. लॉगिन करून हाताने सुरू केली की व्यवस्थित चालते. (व्यवस्थापक, चिपळूण)

संदेशात 61 (म्हणजे जावा 17) आणि 52 (म्हणजे जावा 8) हे आकडे असतील, तर 17 साठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम 8 वर चालवला जात आहे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा ‘.बॅशआरसी’ किंवा ‘.प्रोफाइल’ ही तुमच्या खात्याची सेटिंगची फाइल वाचली जाऊन 17 चा मार्ग पुढे येतो. सर्व्हर आपोआप सुरू होताना मात्र सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) या फाइली वाचतच नाही. त्यामुळे सेवेच्या युनिट फाइलमध्ये (ती सेवा कशी सुरू करायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘एक्झेकस्टार्ट’पुढे 17 च्या ‘बिन/जावा’चा पूर्ण मार्ग लिहावा. तेथे थेट जावाची आज्ञा असेल, तर नुसते जावा_होम भरून भागणार नाही, कारण जावाची आज्ञा स्वतः ते पाहत नाही; ते पाहतात मेव्हन, टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) यांसारख्यांच्या स्क्रिप्ट. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने संपूर्ण सर्व्हरचा जावा बदलण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला, तर तो मानू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: 8 वर विसंबलेली दुसरी प्रणाली त्याने बंद पडू शकते. बदलानंतर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ करून सेवा पुन्हा सुरू करावी आणि ‘/प्रॉक’मधील त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात ‘एक्झे’ ही लिंक कोठे जाते ते तपासावे. ही चाचणी कामकाज बंद असताना करावी. पुढच्या वादळाची वाट पाहू नये.

प्रश्न : मॅकवर ‘रीडलिंक’ने काहीच कळत नाही. (शिक्षक, मालवण)

मॅकवरील ‘/यूएसआर/बिन/जावा’ हा ॲपलने ठेवलेला मध्यस्थ प्रोग्रॅम आहे. तेथे ‘/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम’ ही आज्ञा मोठ्या (कॅपिटल) अक्षरातील ‘-व्ही’सह द्यावी, म्हणजे नोंदलेल्या सर्व आवृत्त्या दिसतील, लहान (स्मॉल) अक्षरातील ‘-व्ही 17’ दिल्यास त्या आवृत्तीचा मार्ग मिळतो. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनाने) बसवलेला ओपनजेडीके (जेडीकेची मुक्त आवृत्ती) या यादीत दिसत नसेल, तर ‘/लायब्ररी/जावा/जावाव्हर्च्युअलमशीन्स’मध्ये त्याची लिंक करावी लागते.