'शालोम आलेखेम' म्हणजे नेमकं काय, आणि उत्तर काय द्यायचं?

'शालोम आलेखेम' (तुम्हांवर शांती असो) हे ज्यूंचं हिब्रू अभिवादन. उत्तर द्यायचं 'आलेखेम शालोम'. शब्दांचा क्रम उलटतो; ऐकलेलंच जसंच्या तसं परत म्हणणं ही नवख्यांची नेहमीची चूक. समोर एकच माणूस असला तरी 'आलेखेम' (तुम्हांवर) हे अनेकवचनच राहतं.

'शालोम'ला नुसतं 'शांती' म्हटलं की बराच अर्थ गळून जातो. श-ल-म याच धातूपासून 'शालेम' म्हणजे अखंड, पूर्ण आणि 'शिलेम' म्हणजे देणं चुकतं केलं, हे शब्द होतात. तुमचं काही तुटलेलं, उणं, थकलेलं राहू नये, अशी ती मनापासूनची इच्छा आहे. भांडण नसणं हा त्यातला लहानसा भाग. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात तर शालोम हे देवाचंच एक नाव मानलंय, म्हणून सार्वजनिक स्नानगृहात हा शब्द उच्चारून अभिवादन करू नये असा दंडक आहे.

शोक पाळणाऱ्याला पहिले 7 दिवस शालोम म्हणत नाहीत. भेटायला गेलात तर तो बोलेपर्यंत थांबा. तिशा बआव, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस, त्याच्या उपवासालाही हे अभिवादन टाळतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, म्हणजे शब्बात या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, मात्र 'शब्बात शालोम' म्हणा. त्याचं उत्तर न उलटता तेच द्यायचं.