सत्तरच्या दशकातला जर्मन सायकेडेलिक रॉक ऐकायला सुरुवात कुठून करू?

तुमचं चुकत काही नाहीये, फक्त सुरुवात उलट्या बाजूने झालीये. पिंक फ्लॉइड आवडतं म्हणून कुणीतरी कॅन या जर्मन बँडचा 'टागो मागो' अल्बम ऐकायला सांगितला आणि तुम्ही तो अर्ध्यात बंद केला असं लिहिलंय, माझंही सेम असंच झालं होतं. हॉस्टेलला एका सीनियरने हार्डडिस्कवरून सगळं कॅन कॉपी करून दिलं, मी रात्री लावलं, पहिला अर्धा भाग बरा गेला आणि मग 'ऑम्गन' नावाचा सतरा मिनिटांचा प्रकार सुरू झाला, नुसते घुमणारे आवाज आणि कुणीतरी मंत्र पुटपुटल्यासारखं, रूममेट म्हणाला कुणाला झपाटलंय का रे. बंद केलं ते दोन वर्षं हात लावला नाही.

नंतर एका रविवारी मेथी निवडत बसलो होतो (हो, मेथीच) आणि शफलमध्ये नॉय! या बँडचं 'हालोगालो' लागलं. १९७२ चं आहे, दहा मिनिटं, गाणारं कुणी नाही, ड्रम एकदा सुरू झाला की तोच, वर गिटार नुसती तरंगत राहते. अख्खी जुडी निवडून झाली तरी ठेका आपला चालूच, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला की मी इतके दिवस गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत होतो आणि या लोकांना ते सुरूच करायचं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, आधी ड्रमर ऐका, बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणतं की हे आपल्या विलंबित ख्यालासारखंच आहे. मला नाही पटत. ख्यालात कितीही भटकलात तरी समेवर यायचं असतं, दाद तिथेच जाते. नॉय!च्या क्लाउस डिंगरच्या ठेक्यात समच नाही, कुठे पोचायचंच नाहीये, नुसतं सरळ पुढे. या ठेक्याला पुढे लोकांनी 'मोटोरिक' नाव दिलं, डिंगरला मात्र ते पसंत नव्हतं, त्याचं म्हणणं ते मशीनसारखं वाटतं आणि हा तर माणसाचा ठेका आहे. कॅनचा ड्रमर याकी लीबेत्साइट तर फ्री जॅझ सोडून आलेला, तिथे कुठलाच ठेका धरायचा नाही अशी पद्धत, आणि इथे येऊन गडी अठरा मिनिटं एकच पॅटर्न वाजवतो.

असं का करत होते? युद्धाच्या आगेमागे जन्मलेली पोरं ही, आईबापांच्या पिढीने नाझी काळात काय केलं यावर घरात कुणी बोलायला तयार नाही, रेडिओवर श्लागर म्हणजे गुळगुळीत गोड गाणी, आणि ती नको तर इंग्रज-अमेरिकनांच्या ब्लूजची नक्कल. यांना दोन्ही नको होतं. कॅनचे होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट तर थेट श्टॉकहाउझन या प्रयोगशील जर्मन संगीतकाराकडे शिकलेले. या सगळ्या म्युझिकला पडलेलं 'क्राउटरॉक' हे नाव मात्र बाहेरच्यांचं, क्राउट म्हणजे इंग्रज लोक जर्मनांना कोबीवरून हिणवायचे तो शब्द. फाउस्ट या बँडने १९७३ मध्ये एका ट्रॅकला सरळ तेच नाव देऊन टाकलं, घ्या म्हणे.

तर आधी नॉय!चा पहिला अल्बम. दुसरा लगेच नको, त्याच्या वेळी पैसे संपले म्हणून त्यांनी आपलीच सिंगल (दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) फास्ट आणि स्लो करून दुसरी बाजू भरून काढली, ऐकायला गंमत आहे पण पहिल्यांदा नाही. मग कॅनचा 'एगे बाम्यासी', १९७२ चा, कव्हरवर चक्क भेंडीचा डबा आहे. त्यातलं 'स्पून' एका टीव्ही मालिकेचं टायटल म्युझिक होतं आणि जर्मनीत हिट झालं होतं, म्हणजे हे काही फक्त चार येड्यांनी ऐकायचं म्युझिक नव्हतं. कॅनचा गायक दामो सुझुकी, जपानी पोरगा, १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाताना यांना दिसला आणि त्याच संध्याकाळी त्याला स्टेजवर उभं केलं.

पिंक फ्लॉइडवाल्यांना सगळे टँजरीन ड्रीम या जर्मन बँडचा 'फेड्रा' सुचवतात. चांगलाच आहे, पण तिथून सुरुवात केलीत तर झोप लागेल आणि वाटेल की सगळं असंच असतं, त्यामुळे तो दुसऱ्या महिन्यात, पोपोल वू या दुसऱ्या जर्मन बँडसोबत. फाउस्ट सगळ्यात शेवटी. त्यांचा 'द फाउस्ट टेप्स' ब्रिटनमध्ये ४९ पेन्सला, म्हणजे सिंगलच्या भावात विकला होता, स्वस्त म्हणून उचललेल्या कितीतरी जणांनी घरी जाऊन कपाळाला हात लावला असणार.

आणि 'टागो मागो' डिलीट केला नसेल तर त्यातलं फक्त 'हालेलुवा' काढा, अठरा मिनिटांचं म्हटलं ते हेच. हेडफोन लावा, हाताला काहीतरी काम ठेवा. 'ऑम्गन' सध्या स्किप, मी पण अजून वर्षातून एकदाच ऐकतो.